मिशी कुठल्या बाजूला

धार लावायच्या त्या दुकानात पहिल्यांदा येणारा माणूस हमखास गोंधळायचा. त्याला कोणीतरी बजावून पाठवलेलं असायचं, की सुऱ्यांचं काम मिशीवाल्या ताईंकडूनच करून घे. तो दारात उभा राहून आत बघायचा. खिडकीजवळ धार लावायच्या चाकावर एक म्हातारा, गुळगुळीत दाढी केलेला. दाराशी सुऱ्यांना चिठ्ठ्या बांधत बसलेली एक चष्म्यावाली बाई. आणि लांबलचक टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, निसण्याच्या दगडावर वाकलेली, साठी ओलांडलेली दुसरी बाई, तिचाही ओठ लख्ख. माणूस पुन्हा बाहेर जाऊन पाटी वाचायचा. तोवर दगडाकडून आवाज यायचा, "मिशी मला नाही, तुमच्या सुरीला आहे. आत या."

मिशी म्हणजे काय, हे ताईने आयुष्यात हजारभर लोकांना तरी सांगितलं असेल, आणि दर वेळी पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं. सुरीची एक बाजू चाकावर धरली, की पोलाद झिजत झिजत कडेला इतकं पातळ होतं, की शेवटी ते पलीकडच्या बाजूला वळतं. धारेच्या लांबीभर केसाहून बारीक अशी एक कड उभी राहते. डोळ्याला दिसेल न दिसेल, पण अंगठ्याला लागते. अंगठा पात्याच्या पाठीकडून धारेकडे आणायचा आणि अलगद बाहेर सोडायचा. धारेच्या लांबीने कधी फिरवायचा नाही. जे फिरवतात त्यांच्यासाठी ताईच्या खणात पट्ट्या तयार असायच्या. कारखान्यातले लोक या कडेला बर म्हणतात. ताईच्या वडिलांना तो शब्द कोरडा वाटायचा. ते म्हणायचे, सुरी वयात आली, मिशी फुटली.

मिशी फुटली, की त्या बाजूचं घासणं झालं, आता थांब, असं सुरी स्वतःच सांगत असते. मग दुसरी बाजू घ्यायची, मिशी इकडून तिकडे जाते. आणि शेवटी ती काढून टाकायची. खरी मेख इथेच आहे. न काढताही सुरी दुकानात कागद सर्रकन कापते, गिऱ्हाईक हरखून जातं. दुसऱ्या दिवशी ती मिशी दुमडते, मोडते, आणि मग टोमॅटो नुसता दबतो. फिरते धारवाले मिशीसकट सुरी हातात देऊन दुसऱ्या गल्लीत पसार होतात, असं ताईचं ठाम मत होतं. काही महाभाग सुरी लाकडात खुपसून मिशी तोडतात, त्यांचा विषय निघाला की तिचा तिळपापड व्हायचा. मिशी उपटायची नसते, उतरवायची असते. दगडावर एकदा या अंगाने, एकदा त्या, दर फेरीला हात आधीपेक्षा हलका, शेवटी शेवटी तर सुरीचं स्वतःचं वजन तेवढं. मग चामड्याच्या पट्ट्यावर धार मागे ठेवून चारदोन वेळा ओढायची, की झालं. एवढं करण्यात तिने चव्वेचाळीस वर्षं घालवली होती आणि त्यातल्या एकाही दिवसाचा तिला पस्तावा नव्हता.

लग्न तिने केलं नाही. एकदा जमत आलं होतं. पण त्या घरी जेवायला गेली असताना तिने त्यांच्या स्वयंपाकघरातल्या सगळ्या सुऱ्यांवरून अंगठा सोडला आणि चेहरा असा काही केला, की होणाऱ्या सासूला तो विसरता आला नाही. ताईलाही फार वाईट वाटलं नाही. त्या सुऱ्यांबरोबर संसार करणं तिला जडच गेलं असतं.

चाकावरचा म्हातारा म्हणजे तिचा थोरला भाऊ, दादा. दाराशी चिठ्ठ्या बांधणारी त्याची बायको, ताईची वहिनी. काम वडिलांनीच वाटून दिलं होतं: दादाने चाकावर मिशी आणायची, ताईने ती काढायची. दोघांच्या मधे टेबलावर पत्र्याचा एक ट्रे होता. दादा घासलेलं पातं त्या ट्रेमध्ये ठेवायचा, ते मिशीची बाजू वर करून. म्हणजे ताईला चाचपत बसायला नको, उचललं की सरळ त्या बाजूपासून सुरुवात. दिवसाला पन्नास-साठ पाती असली, की एवढ्याशा सोयीने बराच वेळ वाचतो. हा नियम चव्वेचाळीस वर्षांत एकदाही मोडला नव्हता. दोघांचं बोलणं बंद झालं तेव्हाही नाही.

बोलणं बंद होऊन नऊ वर्षं झाली होती. कारण होतं, निसण्याच्या दगडावर पाणी घालावं की तेल. दादा पाण्याच्या बाजूचा, ताई तेलाच्या. वडील हाताशी असेल ते घालायचे, कधी कधी नुसते थुंकायचे, त्यामुळे त्यांचा दाखला दोघांच्याही उपयोगाचा नव्हता. एका दुपारी दादाने भिजत ठेवलेल्या नव्याकोऱ्या दगडावर ताईने तेल ओतलं. दादा म्हणाला, तुला दगडातलं काडीचं कळत नाही. ताई म्हणाली, चाक आपलं आपण गरगर फिरतं, त्यात तुझी काय अक्कल लागते. दादा म्हणाला, यापुढे मी तुझ्याशी बोलणार नाही. ताई म्हणाली, तू कोण ठरवणार, मीच बोलणार नाही. यावर उत्तर द्यायचं तर बोलावं लागलं असतं, म्हणून दादा गप्प बसला. तो गप्प बसला म्हणून तीही. दोन दिवसांत समोरचा नाक मुठीत धरून येईल, असा दोघांचाही हिशेब होता. पण दोघं एकाच बापाची. दोन दिवसांचे दोन आठवडे झाले, आणि मग जो आधी तोंड उघडेल तो हरला, अशी न ठरवता ठरलेली शर्यतच लागली.

यात भरडली गेली ती वहिनी. राहायला तिघंही दुकानाच्या वरच, जेवायचं एकाच टेबलावर. दादा हवेकडे बघून म्हणायचा, मीठ. ताई मिठाचं भांडं वहिनीपुढे सरकवायची, वहिनी ते दादापुढे. निरोपही असेच जायचे. लहानपणापासून ज्याला अरे-तुरे केलं, त्याला ताई आता 'त्यांना सांग' म्हणून एकदम मान द्यायला लागली होती. दादाच्या ते जिव्हारी लागलं असणार, कारण तो तिचा उल्लेख 'त्या टोकाच्या बाई' असा करायला लागला. दोघांमध्ये बारा हातांचं अंतर, सगळं धडधडीत ऐकू येत होतं, तरी वहिनीने उठून निरोप सांगितल्याशिवाय तो पोचला असं धरायचं नाही. वहिनी हुशार होती. निघाला तसा निरोप तिने कधी पोचवला नाही. 'त्यांना म्हणावं डोळे तपासून घ्या' हे बारा हात चालून जाईपर्यंत 'सावकाश होऊ द्या म्हणतेय' असं व्हायचं.

तरीही माया आटली होती असं कोणी म्हणू नये. ताईची दाढ काढायची होती त्या दिवशी दादा दातांच्या दवाखान्याबाहेर दोन तास पायरीवर बसून होता. ती गाल सुजवून बाहेर आली, तेव्हा तो उठला आणि तिच्या पुढे पाच पावलं ठेवून घरापर्यंत चालत गेला. ब्र काढला नाही. ते अंतर त्याने पाच पावलांच्या वर एकदाही जाऊ दिलं नाही, हे ताईने ओळखलं, आणि तेवढ्यावर तिला बरं वाटलं.

तर असं सगळं सुरळीत न बोलता चाललेलं असताना, एका सोमवारी ट्रेमधलं पातं उपडं आलं.

मोठ्या उपाहारगृहाच्या मुख्य आचाऱ्याची सुरी होती ती. ताईने सवयीने उचलली, वरच्या बाजूवरून अंगठा सोडला, आणि अंगठ्याला काहीच लागलं नाही. उलटून बघितली तर मिशी खालच्या अंगाला, चांगली भरघोस. ताईने दादाकडे बघितलं. तो चाकावर वाकलेला होता. असेल चूक, म्हणून तिने सोडून दिलं. मंगळवारी तीन पाती उपडी आली. बुधवारी सात. मिशाही नेहमीसारख्या बारीक नव्हत्या, जाडजूड होत्या, उतरवताना हात भरून यायचा. वर काही पात्यांवर पांढरे तंतू चिकटलेले. कसल्या फडक्याने पुसतात कोण जाणे, असं तिने वहिनीला ऐकू जाईल इतपत पुटपुटून घेतलं.

गुरुवारपर्यंत तिची खात्री पटली, की हे मुद्दाम चाललंय. चव्वेचाळीस वर्षं न चुकलेला माणूस आठवड्यात अकरा वेळा चुकतो कसा? ही कुरापत होती. तिने चिडून काहीतरी बोलावं आणि शर्यत हरावी, म्हणून रचलेली. ताईने मनात म्हटलं, अस्सं. मग तीही कंबर कसून बसली. उपडं आलेलं प्रत्येक पातं ती वहिनीच्या हाती परत पाठवायची, सोबत निरोप, की त्यांना म्हणावं मिशी वर ठेवायची पद्धत आहे आपल्याकडे. दादा काही न बोलता पातं पालथं करायचा आणि ट्रेमध्ये ठेवायचा. त्याचं ते निमूट पालथं करणंच ताईला जास्त झोंबत होतं.

शनिवारी तिला युक्ती सुचली. आपल्या या युक्तीवर ती इतकी खूश झाली, की सकाळचा चहा तिने उभ्यानेच घेतला.

घरातली भाजीची छोटी सुरी तिने खाली आणली. आदल्याच दिवशी स्वतः लावलेली, दगडावरून, पट्ट्यावरून, शंभर टक्के साफ. त्या सुरीवर मिशी शोधायला गेलेला माणूस रिकाम्या हाती परत आला असता, दोन्ही बाजूंनी. ती तिने ट्रेमध्ये ठेवली आणि वहिनीकरवी सांगून पाठवलं, की हिची मिशी चुकीच्या बाजूला आहे, जरा बघून घ्यावं. बेत सरळ होता. दादा अंगठा लावणार, मिशी नाही हे त्याला कळणार, त्याचा पारा चढणार. चाकावर बसून चाळीस-पन्नास वर्षं घालवलेल्या माणसाला साफ सुरीवर मिशी आहे म्हणून सांगणं म्हणजे थेट त्याच्या वर्मावर बोट. तो तिथून ओरडणार, मिशी आहेच कुठे! आणि ते वाक्य वहिनीला उद्देशून नसणार. नऊ वर्षांचा निकाल दहा सेकंदांत लागणार होता. ताई दगडावर खोटंखोटं वाकून, कान टवकारून बसली.

दादाने चाक थांबवलं. सुरी घेतली. अंगठा एका बाजूवरून सोडला, मग दुसऱ्या. पुन्हा पहिल्या. मग खिडकीकडे धरून डोळे बारीक करून बघितली, आणि पुन्हा अंगठा, अगदी सावकाश. ताईला हसू आवरत नव्हतं. आता ओरडेल, आता ओरडेल. दादाने सुरी पालथी केली, ट्रेमध्ये ठेवली, आणि वहिनीला म्हणाला, "सांग तिला, चुकलं माझं."

वहिनी उठायची थांबली. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती, हे दोन शब्द या तोंडून एका वेळी निघालेले तिने ऐकले नव्हते.

ताईचं हसू जागच्या जागी विरलं. हेच ऐकायला ती नऊ वर्षं टपून बसली होती. आणि ते मिळालं, ते त्याने न केलेल्या चुकीबद्दल. त्याला कळलंच नव्हतं. साफ सुरी आणि मिशीची सुरी, त्याच्या अंगठ्याला दोन्ही सारख्याच होत्या. ते 'तिला' सुद्धा तिच्या कानातून जाईना. 'त्या टोकाच्या बाई' म्हणायचंही तो विसरला होता.

मग तिला ते पांढरे तंतू आठवले. तिने खणातून भिंग काढलं आणि त्या दिवशी आलेली सगळी पाती समोर घेऊन बसली. तंतू फडक्याचे नव्हते, कापसाचे होते. वडील नवशिक्यांना सांगायचे, अंगठ्याला कळत नसेल तर कापसाचा पुंजका धारेवरून सोड, मिशी असेल तिथे तो अडकेल. या कापसाला दादा जन्मभर हसत आला होता. आणि आता ज्या ज्या पात्यावर तंतू होते, ते ते बरोबर आलेलं होतं, मिशी वर. जी साफ पुसलेली दिसत होती, तीच उपडी. म्हणजे वहिनीचं लक्ष नसताना कापूस काढायला वेळ सापडला, तर ठीक. नाही सापडला, तर अंदाजाने. ताईने चोरून बघितलं. दादाच्या स्टुलावरच्या उशीखालून पांढरं टोक डोकावत होतं. आठवड्यापूर्वी त्याच्या अंगठ्याला पट्टी होती, तीही आठवली. तेव्हा वहिनी त्याला रागावत होती, की एवढं कापलं आणि तुम्हाला पत्ताच नाही. तेव्हा ताईने नाक मुरडलं होतं.

इतका वेळ ज्याला ती कुरापत समजत होती, ते हे होतं. तिला स्वतःची लाज वाटली. गुरुवारपासून तिने परत पाठवलेलं एकूण एक पातं त्याने मुकाट्याने पालथं केलं होतं.

पुढचे दोन दिवस ताई एवढी गोड वागली, की वहिनीने तिच्या कपाळाला हात लावून बघितला. उपडं पातं आलं, की ती ब्र न काढता उलटून घ्यायची. निरोप बंद. वहिनीला सांगावं असं दहादा तिच्या ओठांवर आलं आणि दहादा तिने ते गिळलं. वहिनी चांगली होती, पण वहिनी त्याच दिवशी चाकाची विजेची पिन काढून डॉक्टरकडे पळाली असती. चाक बंद झालं, की खिडकीजवळचा हा माणूस वरच्या खोलीत खुर्चीवर बसून राहणार, आणि वर बसलेला दादा तिच्या डोळ्यांपुढे उभाच राहीना.

पण उलटून घेण्याने भागणार नव्हतं. मिशी कुठल्या बाजूला, हे ताई शोधू शकत होती. मिशी कधी आली, हे चाकावरच्या माणसालाच कळायला हवं. ते कळलं नाही, तर तो घासतच राहतो, आणि चाक पोलाद खात राहतं. मिशा जाड यायच्या त्या म्हणूनच. मिशी उतरवता येते, खाल्लेलं पोलाद परत चिकटवता येत नाही.

मंगळवारी आचारी स्वतः आला. एरवी त्याची माणसं यायची. धिप्पाड माणूस, पण बोलणं मऊ. त्याने आपली लांब सुरी टेबलावर ठेवली आणि तिच्या शेजारी एक कागद. सुरी नवी असताना त्याने तिची आकृती त्या कागदावर काढून ठेवली होती. वीस वर्षांत ती जेवढी झिजली नव्हती, तेवढी या महिन्यात झिजली होती. रेषेच्या आत बोटभर कागद मोकळा दिसत होता. तो भांडला नाही. म्हणाला, ही सुरी मला माझ्या गुरूने दिली आहे, मी इथे येतो ते तुमच्या हातासाठी, उद्या सकाळी नेतो, आणि मग बघू. हे 'मग बघू' दुकानात सगळ्यांना नीट कळलं. वहिनीचा चेहरा उतरला. दादा चाकाकडे तोंड करून बसला होता, त्याने मान वळवली नाही.

आचारी गेला. थोड्या वेळाने चिठ्ठ्या बांधायचा दोरा संपला, म्हणून वहिनी पिशवी घेऊन बाहेर पडली. दुकानात दोघंच उरली, आणि एरवी असं झालं, की दोघंही जरा जोरात काम करायची, शांतता अंगावर येऊ नये म्हणून.

दादाने आचाऱ्याची सुरी उचलली. चाक सुरू केलं. उजवी बाजू लावली. ताई दगडावर वाकून ऐकत होती. इतक्या वर्षांत तिला आवाजावरूनही थोडं कळायला लागलं होतं. एक फेरी, दुसरी, तिसरी. एरवी एवढ्यात तो थांबून अंगठा लावायचा. थांबला, अंगठा लावला, पुन्हा सुरी चाकावर धरली. चौथी. पाचवी. त्याचा डावा हात उशीखाली गेला, पण चाक फिरत असताना एका हाताने कापूस सोडणं त्याला जमेना. त्याने हात मागे घेतला आणि तो घासत राहिला.

ताई उठली. बारा हात चालून ती चाकापाशी आली. नऊ वर्षांत ती टेबलाच्या या टोकाला आली नव्हती. इथे खिडकीतून ऊन येतं आणि पाण्याचा वास असतो, हे ती विसरून गेली होती. दादाच्या मानेवरचे केस पांढरे झाले होते. हे तिला लांबून दिसतच होतं, पण जवळून ते फारच पांढरे होते. सहावी फेरी टोकाकडे चालली होती. पात्याच्या डाव्या अंगाला, मुठीपासून टोकापर्यंत, उन्हात एक बारीक रेघ चमकली.

"आली," ताई म्हणाली.

दादाने सुरी उचलली. चाक आपलं आपण फिरत मंदावलं आणि थांबलं. तो तिच्याकडे वळला नाही. सुरी त्याने दोन्ही हातांत आडवी धरली होती, अंगठा धारेजवळ होता, पण त्याने तो लावला नाही. ताईला वाटलं, संपलं, आता हा उठून वर जाईल आणि मी आयुष्यभर याच्या चाकाचा आवाज ऐकायला तरसेन.

मग दादाने विचारलं, "कुठल्या बाजूला?"

ताईने वाकून पातं उन्हात बघितलं. ती म्हणाली, "डावीकडे, दादा. पूर्ण आहे. मुठीपाशी थोडी कमी."

त्याने मान हलवली. मुठीपाशी एक हलकी फेरी दिली आणि पातं तिच्याकडे केलं. तिने अंगठा सोडला. आता बरोबर होती, बारीक, सरळ, वडील म्हणायचे तशी, वयात आल्यासारखी. तिने तसं सांगितलं. मग तिने कोपऱ्यातलं दुसरं स्टूल ओढलं आणि त्याच्या शेजारी बसली. कधीपासून, असं तिने विचारलं. दादा म्हणाला, तीन महिने होत आले, आधी अंगठ्याला मुंग्या यायच्या, मग नुसतं लाकूड. डॉक्टरांना दाखवू या, ती म्हणाली. तो म्हणाला, दाखवू, पण चाक बंद करा म्हणाले तर? ताई म्हणाली, चाकाला अंगठाच लागतो ना, माझे दोन आहेत. त्याने उशीखालचा कापूस काढला आणि खिडकीतून बाहेर टाकला.

वहिनी दोऱ्याचं बंडल घेऊन परतली, तेव्हा पत्र्याचा ट्रे टेबलावर रिकामा पडला होता. बारा हातांच्या दोन्ही टोकांना बसणारी माणसं एका चाकाशी खांद्याला खांदा लावून बसली होती. आत 'अजून', 'अजून', 'आली', असं काहीतरी चाललं होतं. वहिनी दारातच थबकली. मग आवाज न करता पायरीवर बसली आणि उगाचच दोऱ्याची गुंडाळी सोडून पुन्हा गुंडाळायला लागली. तिच्या चष्म्याच्या काचा धुरकट झाल्या होत्या. आत गेलं तर कोणीतरी निरोप देईल, अशी तिला भीती वाटत असावी.

आचाऱ्याच्या सुरीची दुसरी बाजू निम्मी झाली होती. दादाने ती चाकावरून उचलली, पण पुढे केली नाही. तोंडाचा एक कोपरा वर गेला होता. वडिलांचं तोंड असंच व्हायचं.

"तू आधी बोललीस," तो म्हणाला.

नऊ वर्षांत ताईकडे या वाक्याची निदान पन्नास उत्तरं तयार होती. काही रात्री झोप येईना तेव्हा घासून ठेवलेली, काही जेवताना, काही दवाखान्यातून घरी येताना. तिने सुरीवरून अंगठा सोडला.

"हो," ती म्हणाली. "अजून नाही आली. टोकाकडे घे. दाबू नकोस."